चौपन्न मिलिमीटर

मी जात्याच उतावळा. चांगली चालणारी गाडी नुसती उभी दिसली तरी माझे हात शिवशिवतात. त्या उन्हाळ्यात डोक्यात थ्रॉटल बॉडीचं खूळ शिरलं. इंजिनात हवा जिथून शिरते ती ही ॲल्युमिनियमची आखूड नळी. ॲक्सिलरेटर दाबला की आतली चकती उघडते. आमच्या घरच्या जुन्या गाडीला चव्वेचाळीस मिलिमीटरची होती. रविवारी माळावर होणाऱ्या शर्यतीत मी दोनदा मागे पडलो होतो, आणि माझ्या मते सगळा दोष त्या भोकाचा होता.

अठ्ठेचाळीस घ्यावी की चौपन्न? आठवडाभर दुसरं काही सुचेना. जेवताना ताटाच्या कडेला बोटानं वर्तुळं काढायचो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी मापं तपासायच्या खात्यात आहे. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. आणि स्वतःच्या गाडीचं माप ठरलं चहाच्या गाड्यावर. "अठ्ठेचाळीस?" एक मित्र म्हणाला, "त्यापेक्षा हाय तीच पुसून बसीव की!" झालं. माझं डोकं फिरलं, चौपन्नच घ्यायची ठरली.

गॅरेजचे मिस्त्री वयस्कर, सावकाश बोलणारे. "इंजान केवढं, भोक केवढं? अठ्ठेचाळीस बास हाय," ते म्हणाले. "चौपन्न घातली तर नुसता पाय टेकला की गाडी उडी मारंल. घरात आनि कोन चालवतंय व्हय?"

"न्हाय. मीच," मी म्हणालो.

साफ खोटं. आण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेतून निवृत्त झाल्यावर साठीत गाडी शिकले होते. दर सोमवारी आईला जयसिंगपूरला मावशीकडे नेत, आणि त्या एका फेरीसाठी आदल्या संध्याकाळपासून काचा पुसत बसत. त्यांना सांगितलं असतं तर "चालत्या गाडीला हात का लावलास" म्हणून तासभर ऐकावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो.

चौपन्न बसवल्यावर पहिल्याच सोमवारी हातकणंगल्यात गतिरोधक ओलांडताना त्यांनी नेहमीसारखा पाय दाबला आणि गाडी उसळली. पुढच्या दूधवाल्याच्या सायकलपासून वीतभर अंतरावर थांबली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन आण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली. "पाय ऐकंना झालाय माझा. वय झालं," एवढंच म्हणाले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण रविवारी शर्यत होती. सहा दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या, जेवण गोड लागेना, माझी मलाच लाज वाटत होती, तरी थांबलो. शर्यतीत तिसरा आलो.

त्याच संध्याकाळी जुनी थ्रॉटल बॉडी परत बसवली, काढलेली चौपन्नची आण्णांपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ती हातात घेतली, चकती बोटानं उघडून-मिटून पाहिली.

"माझं मन राखाय एवढं रचून सांगू नगंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी शपथ घेतली, आईला मध्ये घातलं, शेवटी मिस्त्रींना फोन लावून दिला. त्यांनी खरं तेच सांगितलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. "त्यास्नी बी शिकवून ठेवलंयस."

सोमवारी आई तयार होऊन मागच्या सीटवर बसली. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो. आण्णा गाडीला वळसा घालून डावीकडे गेले, बसले, पट्टा लावला.

"चल," म्हणाले, "तुझा पाय अजून चांगला हाय."