दिवस मावळल्यानंतरचा सेकंड हाफ

"मॅडम, ही पोरगी पाणी पीत नाहीये!" आमचे डॉक्टर मैदानातूनच ओरडले.

साताऱ्यात राष्ट्रीय संघाचं शिबिर चालू होतं. वीस वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ, मी मुख्य कोच. पुढच्या आठवड्यात आखाती देशात क्वालिफायर होती. क्वालिफायर म्हणजे हरलात तर मुख्य स्पर्धेचं दार बंद. ती मॅच संध्याकाळची, म्हणून मी सरावाची मॅचही मुद्दाम लाइट लावून ठेवली होती. सेकंड हाफमध्ये त्रिशला पोटरी धरून बसली. डॉक्टर बाटली पुढे करत होते आणि ती मान हलवत होती.

त्रिशला माझी सेंटर-बॅक. गोलकीपरच्या पुढे मधोमध उभी राहणारी ही खेळाडू. ती ढासळली की मागे काही उरत नाही.

"दिवस मावळला, मॅडम," ती म्हणाली. "माझा नेम हाय. चातुर्मास संपेपर्यंत."

सांगलीकडच्या जैन घरांत सूर्यास्तानंतर न जेवणारी माणसं पुष्कळ. मी रहिमतपूरची, मला ते नवीन नव्हतं. पण पाणीसुद्धा नाही, आणि वर दमट हवेत नव्वद मिनिटं पळायचं!

फेडरेशनच्या सेक्रेटरीसाहेबांना फोन केला.

"वगळा तिला. काही झालं तर पेपरात तुमचंच नाव येईल."

"आणि तिच्यावाचून हरलो तर?"

"तरी तुमचंच येईल."

आमच्या नोकरीचं वर्णन याहून नेमकं कुणी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घातलं आणि सांगलीजवळचं तिचं गाव, माधवनगर गाठलं. वडिलांनी समजावलं तर ऐकेल, असा माझा हिशोब. आप्पा हळदीचे व्यापारी, शांत माणूस. दारातच म्हणाले, "आवं मॅडम, बोलणं मागनं. दिवस हाय तवर दोन घास खाऊन घ्या."

भाकरी, मुगाची आमटी, ताक. जेवताना बघत होते, त्रिशलाची आई तिच्या तांब्यात सारखी पाणी ओतत होती आणि ती घोट घोट पीत होती. उन्हं उतरली तशी तिने चूळ भरली आणि तांब्या पालथा घातला.

"नेम मोडायला सांगा म्हणायला आलाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"गेल्या साली हिचा गुडघा मोडला. डॉक्टर म्हणला, खेळ इसरा. तवा हिनं देवळात जाऊन नेम घेतला. आमी लय आडवलं. आता पाय बरा झाला, आन् मी मोडायला सांगू? न्हाई जमायचं."

"तिला काही झालं तर?"

"त्येच भ्या मला बी हाय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

परत येताना वाटेत बेत केला. दुपारपासून घोट घोट पाणी, मीठ-साखर घालून. खेळवायचं फक्त तासभर, मग बदली डिफेंडर उतरवायची. डॉक्टरांनी हो म्हणताना तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

बेत कागदावर नेहमीच छान दिसतो. मॅचच्या पहिल्याच हाफमध्ये आमच्या दुसऱ्या डिफेंडरचा घोटा मुरगळला आणि त्रिशलासाठी राखलेली मुलगी तिच्या जागी उतरवावी लागली. बेंचवर आता डिफेंडर नाही. मग कडेने पळणारी विंगर दमली. मग गोलकीपरचं बोट मोडलं. खेळाडू पाच बदलता येतात, पण खेळ थांबवून बदल करायच्या संधी तीनच. त्या संपल्या. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि त्रिशलाला शेवटपर्यंत मैदानात राहणं भाग होतं.

पाण्यासाठी खेळ थांबला. सगळ्या घटाघटा प्यायल्या. त्रिशलाने बाटली डोक्यावर उपडी केली.

"पी गं बाई," मी म्हटलं. हुकूम करायचा होता, आवाज विनवणीचा निघाला.

"न्हाई मॅडम."

मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. आप्पांचा बारीक आवाज कानात घुमत होता. थोड्याच वेळात ती पडली. डॉक्टरांनी पाय ताणला, डोळे तपासले, बोलतं केलं. "शुद्धीत आहे, ठीक आहे. पण आता पळायचं नाही. परत पडली तर मी बाहेर काढणार, मग खेळा दहा जणींत."

पळायचं नाही तर उभं कुठे करायचं? मी तिला सगळ्यात पुढे, समोरच्यांच्या गोलजवळ पाठवलं आणि स्ट्रायकरला मागे बोलावलं. कोचांची ही जुनी युक्ती. लंगडतेय हे समोरच्यांना कळेपर्यंत त्यांचा एक माणूस अडकून पडतो. त्यांनी तर दोन डिफेंडर तिच्याजवळ ठेवले. ती कमरेवर हात ठेवून नुसती उभी होती. शिट्टी वाजेपर्यंत मी रेफरीच्या मनगटाखेरीज काही बघितलं नाही.

जिंकलो. सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला, "सेंटर-बॅकला स्ट्रायकर! काय टॅक्टिक्स, मॅडम!" मी थँक्यू म्हटलं. खरं सांगून उपयोग नव्हता.

मग आप्पांचा आला. मॅचबद्दल अक्षर नाही. "पाणी प्याली?"

"नाही. डॉक्टर जवळ बसलेत. बरी आहे."

"सकाळी प्याली की कळवा."

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर ती तांब्याभर पाणी प्यायली, आणि तिने आणखी मागितलं. मी फोन लावला. आपल्याकडे तोवर दिवस कधीचा उगवलेला.

"प्याली, आप्पा."

पलीकडून आप्पांचा आवाज, फोनपासून लांब तोंड करून, बायकोला: "प्याली गं. घे, आता तू बी पी. आन् मला बी दे."

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. बदलाची एक संधी शेवटपर्यंत राखून ठेवते. आणि मॅचची वेळ कळली की समोरच्या संघाच्या आधी तिथला सूर्यास्त बघते.