लोकरीचं अंडं

बाबा गेले त्यानंतरच्या मार्चमध्ये मी आईला तीन महिन्यांसाठी हॅम्बर्गला घेऊन आले. ती अलिबागकडची. मासळीशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे आणि इथे ती दोन घास वरणभात खाऊन ताट बाजूला सारायची. सुपरमार्केटमधला मासा तळून दिला तर म्हणाली, "अगं, हा नुसता बर्फ आहे. मासा कुठेय?" तिचे गाल बसले होते. मला भीती वाटायला लागली. मी ठरवलं, हिला ताजा मासा खाऊ घालायचाच, आणि तो मीच पकडायचा.

मासेमारीची परीक्षा मी कधीच पास झाले होते, पण तिच्यावर मिळालेलं फिशरायशाईन, म्हणजे मासेमारीचा परवाना, तोवर नुसतं पाकिटात मिरवलं होतं. शेजारचे निवृत्त आजोबा बाल्टिकला मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर स्टीलहेड धरायला जात. स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत चढणारा ट्राउट. दुसऱ्या माशांची वाहत आलेली अंडी तो गट्ट करतो, म्हणून गळाला लोकरीचं अंडं बांधायचं. चिमूटभर लोकर, एक गाठ, कात्रीने गोल कापली की झालं. माशाचे बारीक दात लोकरीत अडकतात आणि त्याला ती चटकन थुंकता येत नाही.

इतकं सोपं, आणि तेच मला जमेना. मी झेंडूच्या रंगाची लोकर आणून गच्च आवळून गोळे केले. आजोबांनी एक बोटांत दाबून पाहिला. "हे अंडं नाही, बटण आहे."

आजोबांबरोबर नदीवर घालवलेला पहिला रविवार कोरडा गेला. दुसऱ्या रविवारी आजोबांना दोन मासे लागले, माझ्या बटणाकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. त्यांतला एक ते मला देऊ लागले, मी नको म्हटलं. मी हट्टी आहे, आणि त्या दिवशी मूर्खही होते. घरी आई उपाशी बसली होती.

संध्याकाळी मी चिडून पुन्हा गोळे बांधायला बसले. आई बघत होती.

"टोपीचा गोंडा असा आवळतात का? जीव गुदमरला त्याचा."

तिने माझ्या हातातून लोकर काढून घेतली, पीळ उलगडला, फणीने विंचरली, मधोमध एकच गाठ मारली आणि टोकं कापली. वाटाण्याएवढं मऊ अंडं तयार झालं. मग तिने आणखी दहाबारा केली. बाबा गेल्यापासून एखाद्या कामात ती इतकी रमलेली मी पाहिली नव्हती.

तिसऱ्या रविवारी सकाळी आईचं अंडं तळाशी वाहत असताना दोरी थबकली. मी गळाची काठी उचलली आणि मासा प्रवाहात सुसाट पळाला. "सोडणार नाही तुला!" मी मराठीतच ओरडले. बोटं बधिर झाली तरी काठी सोडली नाही. शेवटी आजोबांनी जाळं खाली घातलं आणि लाकडी दांडका माझ्या हातात दिला. मासा तडफडत ठेवायचा नाही, हा इथला नियम. मी दांडका हाणला.

घरी आईने सिंकमध्ये मासा चिरला आणि ओरडली, "अगं, गाभोळी!" पोट केशरी अंड्यांनी भरलेलं होतं. हळद, तिखट, मीठ लावून, रव्यात घोळवून तिने ती तळली. मी पानं घेतली. आईने सगळी गाभोळी वेगळ्या ताटलीत काढली आणि ताटली धरून ओट्यापाशीच उभी राहिली.

आमच्याकडे गाभोळी बाबांची. त्यातला तुकडा आम्हा भावंडांना. तिच्या पानात ती कधी पडली होती का, हे मला आठवेना. मला लाज वाटली.

मी ताटली घेतली आणि तिच्या पानात रिकामी केली.

"अगं, मला कुठे आवडते?"

"खाऊन तर बघ."

तिने बोटभर तुकडा मोडला. मग दुसरा. मग भात ओढून घेतला आणि मान खाली घालून सगळी गाभोळी संपवली. मला हवी का, हेसुद्धा विचारलं नाही. खरकटा हात तसाच ठेवून ती म्हणाली,

"चाळीस वर्षं तळत होते. अशी लागते होय!"