एक नळी की दोन

समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायची अंकलची सवय होती. तुम्ही नमस्कार करा, नाव सांगा, कुणाच्या ओळखीने आलात ते सांगा, त्यांची नजर आपली तुमच्या चपलांवर. पाय बघून झाले की गुडघे. मग सावकाश विचारणार, "गाडी बघायला आला का वाडी?"

यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. ओळख वाढल्यावर त्यांनी ते मला सांगितलं. "वाडी बघनारा कडेकडेनं फिरतो, हद्द बघतो. त्याच्या बुटाला माती लागते. गाडी बघनारा खाली वाकतो. त्याच्या गुडघ्याला लागते."

तुम्हाला हसू येईल, मलाही आलं होतं. पण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत वसईत ज्याच्याकडे वाडी होती, त्याला हसणं परवडत नव्हतं. रोज कुणीतरी मोटारसायकलवरून यायचं. विहिरीचं पाणी गोड आहे म्हणायचं, केळीच्या घडांचं कौतुक करायचं, आणि दोन घोट चहा पोटात गेला की सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारायचं. अंकलच्या शेडमध्ये जुनी अमेरिकन गाडी उभी होती, त्यामुळे दलालांची सोयच झाली होती. गाडीच्या निमित्ताने फाटकाच्या आत शिरता येई.

आम्ही सगळे त्यांना अंकलच म्हणायचो. आज ते नाहीत, म्हणून नाव सांगत नाही. असते तर नक्की विचारलं असतं, "माझं नाव कशाला हवं तुला?"

माझं नवघरला सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान होतं. राहायला विरारला, फुलपाड्यात. एके सकाळी हे गृहस्थ सायकलवरून आले. कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उतरून त्यांनी आधी माझे पाय बघितले, मग गोणपाट उघडलं. आत हातभर गंजलेली नळी होती.

"कुठल्या गाडीची?" मी विचारलं.

"तूच सांग."

नळीवर काही लिहिलेलं नसतं. पण तिची जाडी बघून मी म्हटलं, "मोठ्या इंजिनाची दिसते. जुनी आहे."

"आता एक लावू का दोन?"

"गाडी बघितल्याशिवाय कसं सांगू?"

त्यांनी नळी पुन्हा गोणपाटात गुंडाळली. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. पण जाता जाता ते म्हणाले, "रविवारी ये. चर्चला मिस्सा झाल्यावर."

पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. जो झटकन "दोन लावा अंकल, एकदम झक्कास दिसेल" म्हणाला, तो दलाल. "तुम्हाला आवडेल तसं करा" म्हणाला, तो मोठा दलाल. मी गाडी बघतो म्हणालो म्हणून पास झालो. अर्थात तात्पुरता.

रविवारी गेलो. शेडमध्ये ती गाडी होती. रंग उडालेला, पण काय ऐट! त्यांच्या वडिलांनी विड्याच्या पानांचा धंदा जोरात असताना घेतलेली. गावातल्या कितीतरी नवऱ्या तिच्यातून चर्चला गेल्या होत्या. मी गोणपाट अंथरून खाली सरकलो. आठ सिलिंडरचं इंजिन, चार या अंगाला, चार त्या अंगाला. दोन्हीकडचा धूर एका आडव्या नळीने एकत्र येऊन मागे एकाच सायलेन्सरमध्ये जायचा. तो सायलेन्सर तारेने बांधलेला लोंबत होता. बाजूलाच अंकलचे बूट दिसत होते. मी खाली नेमकं काय करतो यावर पहारा!

बाहेर आलो. आंटीने चहा आणला. मी माझं मत सांगितलं. दोन्ही अंगांना स्वतंत्र नळी दिली तर इंजिन मोकळा श्वास घेईल, आवाज भरदार येईल, हे खरं. पण तुमची गाडी धावते ती घरापासून चर्चपर्यंत. तेवढ्यात नळी धड तापतसुद्धा नाही, आत पाणी साचतं आणि गंज आतून खातो. त्यात ही खाडीची खारी हवा. दोन नळ्या म्हणजे गंजाला दोन घरं. शिवाय तुमचा वाडीमागचा रस्ता असा खड्ड्यांचा, की एखादी तरी घासणारच. एकच ठेवा.

अंकलनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझा धंदा सायलेन्सरचा. दोन इकलेस तर तुझा फायदा. मग एक लाव म्हनून का सांगतो?"

"तुमच्या भल्यासाठी."

"माझं भलं तू का बघतो?"

मी कपाळाला हात लावला. फसवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. भलं सांगणारा भेटला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

असं करत काही वर्षं गेली. निर्णय काही होईना. तार तुटली की मला निरोप यायचा, मी जाऊन नवी बांधायचो, आणि पुन्हा तोच प्रश्न. घरात ते आणि आंटी आपल्या बोलीत भराभर बोलत. मला त्यातलं अर्धंमुर्धंच कळे. मी समोर आलो की ते बोलणं बंद व्हायचं. एवढ्या वर्षांत मला माणूस आवडायला लागला होता, पण खरं सांगतो, रागही यायचा. आपण काय चोर आहोत?

निर्णय का होत नाही, ते मला एका नाताळात समजलं. तार बांधायला गेलो होतो. त्यांचा धाकटा भाऊ मालाडहून आला होता. एकटाच असायचा, लग्न केलं नव्हतं. गाडी दोघांची, वाडीही दोघांची, दोन्हीही बापाची. धाकटा शेडच्या दारात उभा राहून ओरडत होता, "दोन नळ्या लाव म्हणून किती वर्षं सांगतोय! नाहीतर फेकून टाक हे भंगार. आणि ही वाडीपण काढ विकायला. काय ठेवलंय या चिखलात? बिल्डिंग होईल, लिफ्टने वर जा मजेत!"

अंकलही ओरडले. "माझ्या जिवात जीव हाय तवर एक केळ पन तुटू देनार नाय."

धाकटा जेवणाला न थांबता निघून गेला. आंटी आत जाऊन रडली. मी गाडीखाली पडून राहिलो, कारण अशा वेळी बाहेर तरी कसं यायचं!

मग अंकल मला म्हणाले, "बघितलं? आज नळीला हो म्हटलं, की उद्या वाडीला हो म्हनायला लावेल. म्हनून मी कशालाच हो म्हनत नाय." सख्खा भाऊ, पण ते त्याला पाण्यात बघत.

मलाही तो माणूस आवडला नव्हता. म्हणूनच पुढच्या पावसाळ्यानंतर तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला तेव्हा मी सावध झालो. बारीक झाला होता, शर्ट अंगावर लोंबत होता. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "दादा सायलेन्सरचं विचारायला येईल. त्याला दोन लावून देऊ नका हं."

"पण तुम्हीच तर दोन म्हणता."

"मी दोन म्हणतो म्हणूनच तो दोनाला हो म्हणत नाही. आमच्या बाबांच्या वेळेला होती तशीच राहू दे गाडी."

मला काही कळेना. तो हसला. "दादा संशयी आहे असं सगळ्यांना वाटतं. आहेही. पण गोड बोललं की विरघळतो. रस्त्याकडेची आमची जमिनीची एक पट्टी होती. एकाने दोन महिने याच्याबरोबर भजनं म्हटली आणि हा सही देऊन बसला. तेव्हाच मी ओळखलं, याला समोर एक वैरी पाहिजे. घरातला असला तर आणखी बरं. मी विक म्हणत राहिलो तर हा मरेपर्यंत विकणार नाही."

"आणि अंकल तुमच्याशी बोलत नाहीत, त्याचं काय?"

त्याने दुकानातल्या नळ्यांकडे बघितलं. "वाडी आहे ना अजून," एवढंच म्हणाला. जाताना माझ्याकडून शब्द घेतला, यातलं काही दादाला सांगायचं नाही.

मी शब्द दिला. पण मनात आलं, हा खरं बोलतोय कशावरून? आमच्या अंकलच्या संगतीत राहून मलाही तो रोग लागला होता. तो वसईला आला की नेमका कुणाशी बोलतो, कुणाबरोबर हिंडतो, यावर मी काही दिवस लक्षसुद्धा ठेवलं. तो कुणाशीच बोलत नव्हता. इथल्या डॉक्टरकडे जायचा आणि मालाडला परतायचा.

नाताळाच्या आधीच तो गेला. चर्चच्या मागे, दफनभूमीत त्याला मूठमाती दिली.

अंकल दुकानात आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीला काळी फीत होती. या खेपेला त्यांनी माझे पाय बघितले नाहीत. काउंटरला हात टेकून म्हणाले, "दोन लाव."

"अंकल?"

"दोन लाव. एवढंच मागत व्हता तो माझ्याकडं. मी नाय दिलं. आता वाडीचं पन बघतो. परवा एक मानूस येतोय, सगळे कागद तयार ठेवलेत त्यानं. भावाची शेवटची विच्छा तरी पुरी करतो."

ज्या वाडीसाठी तो माणूस आयुष्यभर वाईट ठरला, ती आता त्याच्याच प्रेमापायी जाणार होती. दिलेला शब्द मी तिथल्या तिथे मोडला. त्यांना स्टुलावर बसवलं, त्याच स्टुलावर, आणि सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, भजनांचं सांगितलं, वैरी पाहिजे म्हणाला ते सांगितलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. "कोनी पाठवलं तुला?"

"कुणी नाही."

"मेलेल्या मानसाच्या तोंडात शब्द घालतो? वाडी इकली नाय तर तुला काय मिळनार हाय?"

"काही नाही."

"काय नाय मिळत तर मग बोलतो कशाला?" ते उठले. "भजनांचं तुला कोन बोल्ला?"

"त्यांनीच सांगितलं."

"ते आंटीला पन ठाव नाय," असं पुटपुटत ते सायकलकडे गेले. सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत गेले, पार रस्ता वळेपर्यंत.

परवाचा दिवस आला आणि गेला. मी दुकान उघडं ठेवून बसलो होतो, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाडीवर जाऊन बघायचा धीर होत नव्हता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रस्त्यावर मोठा खडखडाट झाला. सगळे दुकानदार बाहेर आले. अंकलनी ती गाडी स्वतः चालवत माझ्या दुकानाशी आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती चर्चच्या पलीकडे आली असेल. मागे सायलेन्सर जमिनीला घासत होता.

"एक लाव," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट वर केलं. "तुझ्यावर इश्वास ठेवला असं समजू नको. मागचा रस्ता खराब हाय. दोन नळ्या घासतील. आनि खारी हवा पन हाय."

"बरोबर आहे अंकल," मी म्हटलं.

मी वेल्डिंग करत होतो तेवढा वेळ ते गाडीला पाठ लावून उभे होते. खाली वाकून बघितलं नाही, एकदाही. काम झाल्यावर गाडी चालू केली. आवाज मऊ आणि एकसारखा येत होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला. डोळे पुसतायत असं मला वाटलं, पण त्यांनी स्टिअरिंग पुसलं आणि निघून गेले. वाडीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, तुला कशाला पाहिजे?

महिन्याभराने नळीचा पट्टा आवळून द्यायला मी वाडीवर गेलो. फाटकाशी पांढऱ्या शर्टातला एक तरुण मोटारसायकल लावून अंकलशी बोलत होता. भाव सांगत होता, फ्लॅट देतो म्हणत होता. आणि अंकल चक्क शांतपणे ऐकत होते. मी पाना हातात धरून तिथेच थांबलो.

"माझं काय नाय," अंकल म्हणाले. "मी तयार हाय. पन जमीन दोघांची. धाकट्याचा नकार हाय."

"त्यांना मी समजावतो ना अंकल. कुठे राहतात?"

"चर्चच्या मागं."

"आत्ता भेटतील?"

"भेटंल. आता कुठं जात नाय तो."

तरुणाने मोटारसायकलला किक मारली. "आत्ता जाऊन विचारून येतो."

"विचार," अंकल म्हणाले. "पन तो ऐकनार नाय. लय हट्टी हाय."