गॅसचे शेजारी

जिना चढतानाच गॅसचा वास आला. शहरातल्या अकोटा भागातली तीन मजली सोसायटी, तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची. मी पाईपगॅसच्या कॉन्ट्रॅक्टरकडे अप्रेंटिस आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर काम. लीकेजचा कॉल माझा पहिलाच होता.

आमचे सुपरवायझर परमारभाई मेन व्हॉल्व्ह बंद करायला खालीच थांबले. मला म्हणाले, "पडोसी को बोल के आ. लाईट, पंखा, किसी को हाथ नहीं. और बेल मत बजाना."

बेलचं बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडते. गॅस साठला असेल तर तेवढी पुरते.

"काकू, तुमचे शेजारी कोण?"

"समोर देसाई, बाजूला शाह."

दोन्ही दारं ठोठावली, माणसं खाली पाठवली. माझ्या गावी, वाघोडियाला, आमची बैठी घरं. तिथेही शेजारी म्हणजे डावीकडचे आणि उजवीकडचेच. काम झालं असं मला वाटलं.

परमारभाई वर आले. "ऊपर कौन रहता है?"

"वर म्हाताऱ्या बा असतात, एकट्याच," काकू म्हणाल्या. "पण त्या वरच्या मजल्यावरच्या."

"बेन, पाईपवाला गॅस हवा से हलका है. वो तो ऊपरवाले को ही पडोसी मानता है!"

दिवेलागणीची वेळ होती. म्हणजे बा आता दिवा लावणार. वर धावलो, दार ठोठावलं.

आतून आवाज आला, "जोईतुं नथी!"

"बा, गॅसवाळो छुं!"

"अमारे पाईप छे! बाटलो नथी जोईतो!"

त्यांना मी सिलिंडरवाला वाटलो. पुन्हा ठोठावलं. माझा हात बेलपर्यंत गेला आणि मी तो झटकन मागे घेतला. दिवा लावू नका, असं घाईत मराठीतच ओरडलो.

तेवढ्यात काकू धापा टाकत आल्या. "बा, हुं जोशीबेन! दीवो न करशो! बारणुं खोलो!"

दार उघडलं. बांच्या हातात काडेपेटी होती. "बेल नथी देखाती?" त्या माझ्यावरच खेकसल्या. काकूंनी काडेपेटी काढून घेतली आणि बांना धरून खाली नेलं. परमारभाईंनी गॅस शोधणारा डिटेक्टर बांच्या स्वयंपाकघराच्या छताजवळ धरला. तो वाजतच राहिला.

काकूंच्या खिडकीबाहेरच्या पाईपचा जॉइंट सैल झाला होता. गॅस सरळ बांच्या खिडकीतून आत जात होता. जॉइंट बदलायला फार वेळ लागला नाही.

आता लीकेजच्या कॉलवर मी शेजारी कोण असं विचारत नाही. "तुमच्या डोक्यावर कोण राहतं?" असं विचारतो. लोक चमकून बघतात, पण उत्तर बरोबर मिळतं.