हिरव्या लोकरीची गाठ

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सातवीचा तास घेत होतो. माझी धाकटी बहीण. आजार दोन वर्षांचा, त्यामुळे बातमीचा धक्का नव्हता. धक्का बसला तो दहाव्याला, तिचे पीएच.डी.चे गाईड सर आमच्या गावी, शिनोलीत, दत्त म्हणून उभे राहिले तेव्हा. फोटोला हार घालून ते म्हणाले, "तिचं ते तारेचं मॉडेल संस्थेत ठेवू. आदरांजली म्हणून." मी चहा पुढे केला आणि गप्प बसलो… त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात, दिवाळीच्या सुट्टीत, नंदाने आरएनएच्या एका रेणूचं ते मॉडेल आमच्या ओट्यावर बसून केलं. टोमॅटोच्या बागेतली उरलेली तार आणि चार रंगांची लोकर. आरएनएची साखळी चार घटकांची, म्हणजे चार अक्षरांची, म्हणून चार रंग. तारेच्या तीन फांद्या, आणि त्या जिथे भेटतात तो गाभा. हा इवलासा रेणू असा दुमडतो की प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःचीच साखळी ठरलेल्या एका जागी तोडतो, हे ती वांगी चिरणाऱ्या आईला समजावत होती. फांद्यांतली अक्षरं बदलली तरी समोरासमोरची जोडी जुळली की भागतं. गाभ्यातलं मात्र एक जरी बदललं तरी तोडणं जवळजवळ थांबतं. आणि नेमकी गाभ्यातच लोकर कमी पडली.

"दादा, लाल संपली. हितं हिरवीच बांधते, चूक हाय. नारायणगावला गेलास की लाल आण, बदलीन."

मी विसरलो.

त्याच हिवाळ्यात सर भीमाशंकरला जाताना आमच्याकडे जेवले आणि मॉडेलचे फोटो काढून घेऊन गेले. पुढे त्यांचं पुस्तक आलं. मजकूर नंदाच्या वह्यांतला, नाव एकट्या सरांचं. तिने विचारलं, तर म्हणाले, विद्यार्थ्यांचं काम संस्थेचंच असतं. प्रबंध अर्धवट टाकून ती मंचरला कॉलेजात शिकवत राहिली. मला म्हणायची, जाऊ दे. मी जाऊ दिलेलं नाही, देणारही नाही.

कारण पुस्तकातलं रंगीत चित्र सरांनी त्या फोटोवरून काढून घेतलं आहे. गाभ्यात, त्याच जागी, हिरवं अक्षर. ज्याने हे काम स्वतः केलं असतं त्याला पाहताक्षणी कळलं असतं की हा रेणू काहीच तोडणार नाही. सरांना आजतागायत कळलेलं नाही.

मॉडेलसाठी त्यांची दोन पत्रं आली. मॉडेल अजून तिच्या खोलीत खिडकीशी टांगलेलं आहे. परवा नारायणगावहून लाल लोकर आणली, इतक्या वर्षांनी. गाठ सोडायला हात लावला… आणि काढून घेतला. सर, तुमचं पुस्तक घेऊन या. दोन्ही शेजारी ठेवू, चार माणसांदेखत. तोवर ती हिरवी गाठ सुटणार नाही.