बॅटरीच्या झाकणावरची चिठ्ठी
लढाई संपली त्या वर्षी वाईहून पाचगणीला जाताना घाटात आमची मोटार तापली, आणि हिसक्यांनी बॅटरीचं लाकडी झाकणही फुटलं. वळणावर एक मेस्त्री बसायचा, पलटणीत मोटारी दुरुस्त करून परतलेला. त्यानं बदलायला आपल्या सामानातून पत्र्याचं नवं झाकण काढलं तेव्हा मी घाबरलो. जुन्यावर वडिलांनी चिकटवलेली चिठ्ठी होती. त्यांचं पेन्सिलीतलं तेवढंच अक्षर माझ्याकडे उरलं होतं.

“सुटंल की,” तो म्हणाला. ओल्या पोत्यानं धरून त्यानं रेडिएटरचं बूच उघडलं आणि फुटकं झाकण वाफेवर धरलं. “गाडी तापलीच हाय, तर तिच्याकडनं काम करून घिऊ.”

कागद सैल होईतो तो गुणगुणत राहिला. मग दाढीचं पातं खाली असं सरकवलं, की कोपराही दुमडला नाही. डब्यातल्या चार शितांनी चिठ्ठी नव्या झाकणावर चिकटवून त्यानं ती वाचली: ‘घाट चढण्याआधी पाणी बघणे.’

त्यानं रेडिएटरमध्ये वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

“अक्षर लय जपलं तुमी,” तो म्हणाला. “वाचलं मातूर कवा न्हाई.”

चिठ्ठी वडिलांची खरी, पण घाटाच्या पायथ्याशी बॉनेट उघडलं की ती मला अजून त्या मेस्त्रीच्याच आवाजात ऐकू येते.