गोजरबाई आठवण काढत नाहीत

गोजरबाईंना एखादी गोष्ट विसरायची म्हटली तरी विसरता येत नसे. धामणगाव बढ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात कोणाचं काही अडलं, की लोक त्यांच्या ओट्यावर येत. शाळेमागची विहीर कोणत्या साली खचली, चांगुणाच्या लग्नातलं वरण कोणाच्या हातून खारट झालं, रोहिणखेडच्या रज्जाकभाईंकडून आणलेली बकरी कितव्या वेताची होती, हे सगळं गोजरबाई सुपातल्या तुरीवरची नजरही न काढता सांगत.

"आमच्याकडं साक्षीदार घरातच हाय," त्यांचा नवरा शेषराव म्हणे. "फक्त ते माह्याच विरुद्ध साक्ष देते."

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. टिनाच्या छपराचं छोटंसं चर्च होतं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मलकापुराहून दीपक पाळक मोटारसायकलीवर येत. त्या दिवशी प्रभुभोजन असे, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून घ्यायचा घास नि घोट. शहरात पाव घेतात, पण इथे पहिल्यापासून ज्वारीची एकच भाकर असायची, सगळ्यांनी त्यातलाच तुकडा मोडायचा. ती भाकर गोजरबाई थापायच्या. प्याल्यातला रस त्यांची धाकटी जाऊ सिंधूताई करायची, काळ्या मनुका उकळून आणि गाळून. दोन्ही कामं सिंधूताईच्या चुलीवर व्हायची, आणि मग एकीच्या हाती ताट नि दुसरीच्या हाती तांब्या अशा दोघी मिळून चर्चमध्ये जायच्या.

तिथला एक शिरस्ता होता. ज्याचं कोणाशी बोलणं बंद असेल, त्यानं ताट आपल्यापुढे आलं की न घेता पुढे सरकवायचं. कोणी विचारत नसे, पण बघत सगळेच असत. दोन हजार सोळाच्या दिवाळीआधीपासून भाकर करणारी आणि रस करणारी, दोघीही ताट पुढे सरकवत होत्या. भाकर पुढच्या दारानं येई, रस मागच्या दारानं.

"वाढणाऱ्या दोघी उपाशी, अन् आमी बसलो पंगतीले," शेषराव कुरकुरे.

भांडण झालं होतं ते एका पुडीवरून. बीटी कापसाच्या पाकिटात साध्या सरकीची एक लहान पुडी येते. ती वावराच्या चारही कडांना पेरायची असते. अळीनं ती साधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खावी आणि बीटीच्या विषाला सरावू नये, असा त्यातला हिशेब. गावात ही पुडी कोणी पेरत नसे. ती बांधावर फेकली जायची, नाहीतर ढोरांपुढे जायची. गोजरबाईंनी मात्र कृषी सहायकाचं बोलणं जसंच्या तसं ध्यानात ठेवलं होतं. त्यांनी स्वतःची पुडी पेरली आणि दिराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकलेली उचलून तीही पेरली. पोळ्यानंतर त्या कडेच्या ओळींवर अळ्या दिसू लागल्या. दोन्ही वावरांच्या मधे एकच धुरा. कापूस येचणीला आलेल्या सगळ्या बायांसमोर सिंधूताई कडाडली, "बाई, तुमी पुडी नाई पेरली, किडे पेरले! माह्या वावरात सोडाले!"

हे वाक्य गोजरबाईंच्या डोक्यात जाऊन बसलं. कोणता वार होता, सिंधूनं कोणतं लुगडं नेसलं होतं, कोण कोण हसलं, सगळ्यासकट.

पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतरा साली, गुलाबी बोंडअळीनं मुलूखच धुऊन काढला. बोंड वरून टवटवीत दिसे आणि उघडलं की आत कापसाऐवजी नुसती किडकी, कडक कवडी. ज्यांनी पुडी फेकली त्यांचंही गेलं, ज्यांनी पेरली त्यांचंही गेलं. कोणी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातले, कोणी ती उपटून काढली. गोजरबाईंच्या घरातही तेव्हा चहात साखर जपून पडत होती. पण त्यांना मनातून एक गुदगुली होत होती. लांब लांबच्या शिवारांतसुद्धा अळी आली होती. ती काय त्यांच्या धुऱ्यावरून चालत गेली?

"आता येईन पाहा सिंधू," त्या शेषरावाला म्हणाल्या. "येईन अन् म्हणीन, बाई, माहं चुकलं."

"अन् मग?"

"मग पाहीन मी."

सिंधूताई काही आली नाही.

डिसेंबरात नाताळाच्या आधी दीपक पाळक शनिवारीच मुक्कामाला आले. संध्याकाळी गोजरबाईंच्या ओट्यावर चहा घेताना ते उद्याच्या उपदेशाची उजळणी करत होते. विषय होता नवा करार, देवानं माणसांशी नव्यानं केलेला.

"तुमी नव्या कराराचं सांगा," गोजरबाई म्हणाल्या, "पन मले हे सांगा, जुन्यात काय खोट होती? देवानं त आपली बाजू पाळली ना?"

"पुरी पाळली, मावशी. त्याच्या बाजूनं काहीच खोट नव्हती. माणसांनीच शब्द मोडला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

"म्हंजे देवाचंच खरं होतं."

"हाव, देवाचंच खरं. पाहिजे तेवढे पुरावे त्याच्यापाशी होते. तो बसून राहू शकला असता, की या आता माझ्या दाराशी आणि म्हणा, चुकलं."

गोजरबाईंनी कपबशी खाली ठेवली. ओट्याच्या कडेला बसलेला शेषराव खाकरला.

"पण तो बसून राहिला नाही," पाळक पुढे म्हणाले. "तोच उठून आला. जेवणाच्या पंगतीत नवा करार केला, आणि तोही कोणाबरोबर? सकाळ व्हायच्या आत जे शिष्य त्याला सोडून पळणार होते, त्यांच्याबरोबर. शब्द मोडला त्यांनी आणि भरपाई केली यानं, स्वतःच्या रक्तानं. आणि वर म्हणाला, तुमच्या पापांची मी यापुढे आठवण काढणार नाही."

"देव बी विसरते?"

"विसरत नाही हो. विसरणं म्हणजे म्हातारपण. आठवण काढायची नाही, हे ठरवून करावं लागते."

"म्हंजे सारं माहीत असून तोंडावर येऊ द्याचं नाई?"

"नाही. आणि मनातही उगाळायचं नाही."

"हे त भल्लं कठीन हाय, पाळकसाहेब." गोजरबाईंनी कपबशा गोळा केल्या. मग म्हणाल्या, "पहिले तिनं म्हणाव चुकलं. मंग मी नाई काढत आठवन."

"मावशी," पाळक हसू दाबत म्हणाले, "तू पाळ, मग मी पाळतो, हा तर जुनाच करार झाला."

शेषराव मोठ्यानं हसला. गोजरबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला एकदम बैलांची आठवण झाली आणि तो गोठ्याकडे गेला.

सकाळी उजाडताच गोजरबाईंनी ज्वारीचं पीठ काठवटीत घेतलं, वर फडकं टाकलं आणि त्या सिंधूताईच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सिंधूताई चुलीवर मनुका उकळत होती. तिच्या हातातला पळा तसाच राहिला.

"काऊन आल्या, बाई?"

"माह्या घरचं सरपन ओलं झालं."

त्या साली गावात पैसा नव्हता, पण सरपणाला तोटा नव्हता. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग दारोदार रचले होते, सगळे कडकडीत वाळलेले. गोजरबाईंच्या अंगणातला ढीग सिंधूताईच्या खिडकीतून दिसत होता. सिंधूताईनं तो पाहिला, जावेकडे पाहिलं आणि मनुकांचं पातेलं बाजूला सरकवलं.

चुलीत पऱ्हाट्या तडतडल्या. गोजरबाई भाकर थापू लागल्या. सिंधूताईनं न सांगता तवा ठेवला, पाण्याची वाटी पुढे केली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, त्या दिवशी येचनीले मी जे बोलली..."

"तवा तापला. सरक."

"बोलू त द्या."

"मी त्याची आठवन काढत नाई, सिंधू."

"तुमी?" सिंधूताईनं डोळे मोठे केले. "माह्या लग्नात कोनं किती बुंदीचे लाडू खाल्ले, हे आजवर सांगता तुमी!"

"ते सांगतो. तुह्या मामानं शेजाऱ्याच्या पत्रावळीतले बी खाल्ले." गोजरबाईंनी भाकर उलटली. "हे नाई सांगत."

सिंधूताई आधी हसली, मग रडली, आणि दोन्हींचा दोष धुराला दिला. त्या गडबडीत भाकर एका कडेला जरा करपली.

चर्चमध्ये दोघी एकाच दारानं आल्या. ताट फिरत फिरत गोजरबाईंपुढे आलं तेव्हा त्यांच्या हातून सवयीनं ते सरकवलंच जात होतं. शेजारी बसलेल्या सिंधूताईनं त्यांच्या मनगटाला हात लावला. गोजरबाईंनी करपलेल्या कडेचा तुकडा मोडला, ताट तिच्या हाती दिलं आणि दुसरा तुकडा तिनं मोडला. पुढे दीपक पाळक प्याला हातात घेऊन उभे होते. प्रार्थनेची पुढची ओळ ते चुकले, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या जून महिन्यात पेरणीच्या दिवसांत सिंधूताई नवं पाकीट घेऊन धुऱ्यावर आली. तिच्या तळहातावर ती लहान पुडी होती.

"बाई, हे कसं पेराव लागते वो?"

गोजरबाईंच्या जिभेवर सिंधूचं ते जुनं वाक्य जसंच्या तसं आलं, वारासकट, लुगड्याच्या रंगासकट. फार चांगलं जमलं असतं. पलीकडे तिफणीपाशी शेषराव श्वास रोखून उभा होता.

गोजरबाईंनी तिच्या तळहातावरची पुडी उचलली.

"चाऱ्ही कडंनं," त्या म्हणाल्या. "चाल, दाखवतो."